बुटाची लेस

प्रश्न : ताई, वय ४९, इंदिरानगरला राहते. जूनपासून सोसायटीच्या हॉलमध्ये सकाळी सहाच्या झुंबाला जाते. आम्ही चौदाजणी आहोत. मजा येते, पण उड्या सुरू झाल्या की लघवीचे थेंब निघतात. घरून पाणी न पिता जाते, तरी तेच. परवा मधूनच घरी निघून आले. मैत्रिणींचे फोन येतात, मी गुडघ्याचं कारण सांगते. क्लास सोडून देऊ का?

उत्तर : नका सोडू. गुडघ्याचं कारण मीही सांगून झालंय. गोल्फ क्लब मैदानावर पहाटे आमचा बायकांचा ग्रुप असायचा. जम्पिंग जॅक आले की मी बुटाची लेस बांधायला वाकायचे. एकदा शेजारचीही वाकली. तिच्या बुटाला लेस नव्हतीच, वेल्क्रोची पट्टी होती! दोघी खो खो हसलो, आणि हसता हसता दोघींचंही तेच झालं.

बाळंतपणं आणि पाळी जाण्याचा काळ यांत लघवी धरून ठेवणारे खालचे स्नायू सैलावतात. उडी, शिंक, हसू, काहीही असो, पोटातून दाब आला की गळतं. गॅस रोखताना आवळतो तसे ते स्नायू आवळा, ५ सेकंद धरा, तेवढाच वेळ सैल सोडा. असं १० वेळा, दिवसातून तीनदा. श्वास चालू हवा, मांड्या आवळायच्या नाहीत. मी कुकरच्या शिट्ट्या मोजताना करायचे, कुणाला पत्ता लागत नाही. फरक पडायला तीनेक महिने लागतात. नाहीच पडला तर फिजिओथेरपिस्टला दाखवा. जळजळ होत असेल किंवा लघवीतून रक्त गेलं, तर मात्र थेट डॉक्टरकडे. आणि पाणी तोडू नका. लघवी दाट झाली की मूत्राशय उलट जास्त चिडतं.

शिकवणारीला स्पष्ट सांगा, ‘मी उडीऐवजी पाऊल बाजूला टाकते.’ पंचविशीतली असेल तर तिच्या हे ध्यानातही आलं नसेल. तिच्याकडून आठवड्यातले दोन दिवस वजनांचा व्यायामही मागून घ्या. पाळी गेल्यावर हाडं झपाट्याने विरळ होतात, नुसत्या नाचाने भागत नाही. डंबेल्स नसतील तर पाण्याच्या भरलेल्या बाटल्या चालतात.

मैत्रिणीचा पुढचा फोन आला की गुडघ्याचं नाव काढू नका. चौदाजणींत तुम्ही एकट्याच असाल असं मला नाही वाटत. उड्यांच्या वेळी लेस बांधायला कोण कोण वाकतं, बघा जरा.