जन्मदर आणि प्रजननदर

प्रश्न असा आहे : "'जन्मदर २.१ च्या खाली गेला' असं बातम्यांत वाचायला मिळतं. जन्मदर आणि प्रजननदर हे एकाच गोष्टीचे दोन शब्द आहेत का?"

नाहीत. आणि ते वाक्यही चुकलेलंच आहे. तिथे प्रजननदर हवा.

घोटाळा होतो कारण दोन्ही शब्द 'जन्' या एकाच धातूतून आलेत. जन, जननी, प्रजा हेही त्याच गोतावळ्यातले. पण नीट पाहिलं तर फरक शब्दांतच आहे. जन्म होतो बाळाचा. जनन करते ती जननी. जन्मदर बाळं मोजतो : वर्षभरात जन्मलेली बाळं, दर हजार लोकसंख्येमागे. या हजारांत म्हातारेकोतारे आले, पुरुष आले, तान्ही मुलंही आली. प्रजननदर मात्र आईच्या बाजूने मोजतो. १५ ते ४९ या वयांतल्या स्त्रियांचं त्या वर्षीचं वयोगटवार बाळंतपणाचं प्रमाण तसंच राहिलं, तर एका स्त्रीला आयुष्यात सरासरी किती मुलं होतील, तो हा आकडा.

दक्षिण कोरियाचं उदाहरण घ्या. २०२३ मध्ये तिथला प्रजननदर ०.७२ होता आणि जन्मदर हजारी साधारण ४.५. देश तोच, वर्ष तेच. 'जन्मदर २.१' याचा शब्दशः अर्थ घेतला तर हजार माणसांत वर्षाला जेमतेम दोन बाळं, म्हणजे कोरियाच्याही निम्म्याहून कमी!

२.१ म्हणजे एका पिढीच्या जागी तेवढीच पुढची पिढी यायला लागणारा प्रजननदर. मग २.१ च का, नुसते २ का नाहीत? आईबापांच्या जागी दोन मुलं आली की हिशेब मिटला, असं वाटतं खरं. पण दर १०० मुलींमागे साधारण १०५ मुलगे जन्मतात, आणि काही मुली आई होण्याच्या वयापर्यंत जगत नाहीत. वरचा ०.१ त्यासाठी. जिथे बालमृत्यू जास्त, तिथे हा आकडाही २.१ च्या वर जातो.

'जननदर' हा सुटसुटीत शब्द मला आवडतो, पण तो जन्मदरासाठीही वापरलेला दिसतो. म्हणून मी 'प्रजननदर'च लिहितो, पहिल्या उल्लेखात 'एकूण प्रजननदर'. 'जननक्षमता' मात्र इथे चालणारच नाही. क्षमता म्हणजे मूल होऊ शकणं, दर म्हणजे प्रत्यक्षात झालेली मुलं. दर घटला की स्त्रियांच्या शरीरात काही बिघडलं, असा अर्थ त्या एका शब्दामुळे निघतो, आणि तो स्त्रियांवर अन्याय आहे.

'२.१ च्या खाली' म्हणजे 'लोकसंख्या घटू लागली' असंही लिहू नये. आधीच्या पिढीत मुलं भरपूर झालेली असतील, तर आई होण्याच्या वयाच्या स्त्रियाच संख्येने जास्त असतात. प्रत्येकीला मुलं कमी झाली, तरी जन्म मृत्यूंहून जास्तच भरतात आणि लोकसंख्या पुढची काही दशकं वाढत राहते.