‘वॉव’ या इंग्रजी शब्दाचा अर्थ काय आणि तो आला कुठून?

‘वॉव’ म्हणजे आपलं ‘अबब’, ‘अरे वा’ किंवा ‘बापरे’. काहीतरी भारी किंवा अनपेक्षित दिसलं की तोंडातून आपसूक निघणारा उद्गार. त्याला व्युत्पत्ती अशी फारशी नाहीच, आवाजातूनच तो शब्द झाला.

हा अमेरिकन पोरांचा शब्द वाटतो, पण मूळचा तो स्कॉटलंडचा. गॅव्हिन डग्लस या स्कॉट कवीने प्राचीन रोमन कवी व्हर्जिलच्या ‘एनीड’ या महाकाव्याचा अनुवाद 1513 मध्ये पूर्ण केला, त्यात तो लिखित स्वरूपात सापडतो. पुढे बराच काळ तो मुख्यतः स्कॉटिश बोलीतच राहिला. 1920 च्या दशकात अमेरिकन बोलीत त्याचं क्रियापदही झालं: प्रेक्षकांना ‘वॉव’ करणं, म्हणजे थक्क करून सोडणं.

याचा सगळ्यात झकास वापर मात्र एका खगोलशास्त्रज्ञाने केला. ऑगस्ट 1977 मध्ये ओहायोतल्या ‘बिग इअर’ रेडिओ दुर्बिणीने 72 सेकंदांचा एक जोरदार रेडिओ सिग्नल टिपला. नंतर छापील कागद चाळताना जेरी एहमन यांना 6, ई, क्यू, यू, जे, 5 अशी उभी ओळ दिसली. अंक-अक्षरं म्हणजे सिग्नलची तीव्रता, त्यात ‘यू’ सर्वांत वरची. त्यांनी लाल पेनाने ओळीला गोल केला आणि समासात लिहिलं ‘वॉव!’ तेच त्या सिग्नलचं नाव पडलं.

आणि हो, आपल्या ‘वाहवा’शी याचं नातं नाही. ती फारसीतून आलेली.