बाळाचा रिपोर्ट पॉझिटिव्ह आलाय, म्हणजे त्याला एचआयव्हीची लागण झालीच का?

"मॅडम, एकही गोळी चुकवली नाही मी. तरी लागलंच ना त्याला?"

आई स्वतः एचआयव्हीसह जगणारी, रोज गोळ्या घेणारी. पाच महिन्यांच्या मुलाला खोकला म्हणून खासगी दवाखान्यात नेलं होतं. तिथे एचआयव्हीची झटपट चाचणी झाली, 'रिअ‍ॅक्टिव्ह' आली. तो रिपोर्ट तिने चार घड्या घालून ब्लाउजमध्ये ठेवलेला. सोबतच्या सासूबाईंना यातलं काही ठाऊक नव्हतं, त्यामुळे आधी आजींना नातवासह बाहेरच्या बाकावर बसवलं. २०१७ च्या कायद्यानुसार गोपनीयता पाळावीच लागते. कायदा नसता तरी हेच केलं असतं.

ही चाचणी विषाणू शोधत नाही, अँटिबॉडी, म्हणजे विषाणूविरुद्ध शरीराने बनवलेली प्रथिनं, शोधते. आणि गरोदरपणात, विशेषतः शेवटच्या तीन महिन्यांत, आईच्या अँटिबॉडी वारेतून बाळात उतरतात. एचआयव्ही असलेल्या जवळजवळ प्रत्येक आईच्या बाळात त्या सापडणारच. पुरत्या जायला कधीकधी १८ महिने लागतात. म्हणजे त्या कागदावर दिसत होतं ते बहुधा आईचंच. तिच्या फाईलमध्ये सहाव्या आठवड्याचा डीबीएसचा निकाल होता: टाचेला टोचून कार्डावर घेतलेल्या थेंबांची पीसीआर तपासणी, जी थेट विषाणू शोधते. ती निगेटिव्ह. तिचा व्हायरल लोडही (रक्तातल्या विषाणूंचं प्रमाण) मोजण्याइतका नव्हता.

ती जरा सावरली आणि लगेच म्हणाली, "मग माझ्या अँटिबॉडीच त्याला राखतील. गोळ्या कशाला?"

प्रश्न चुकीचा नाही. गोवरापासून पहिले काही महिने बाळाला आईच्याच अँटिबॉडी राखतात, म्हणून तर ती लस नवव्या महिन्यानंतर. पण एचआयव्ही सतत रूप पालटतो, पेशींत दडून बसतो. काही प्रकारच्या अँटिबॉडींनी बाळाला थोडा आधार मिळतो का, यावर संशोधन चालू आहे. त्या भरवशावर गोळी सोडता येत नाही. काहीच उपचार नसतील तर शंभरातल्या १५ ते ४५ बाळांना लागण होते. आईची एआरटी (एचआयव्हीवरच्या रोजच्या गोळ्या) आणि बाळाचं औषध नीट चालू असेल तर पाचांहून कमी.

मला खरी काळजी वेगळीच होती. घाबरून तिने आदल्या दिवसापासून अंगावरचं दूध तोडलं होतं, पातळ केलेलं गाईचं दूध पाजत होती. त्याने जुलाब लागले तर ते वेगळंच दुखणं. एआरटीच्या डॉक्टरांना विचारून त्याच दुपारी पुन्हा पाजायला बसवलं. सहा महिने फक्त आईचंच, नंतर वरच्या अन्नाबरोबर.

सहाव्या महिन्याची पीसीआरही निगेटिव्ह आली. बाराव्या महिन्याची बाकी आहे. अठराव्या महिन्यात, दूध सुटलं असेल तर, शेवटचा निकाल. पीसीआर कधी पॉझिटिव्ह आलीच तर दुसरा नमुना घेऊन खात्री करतात आणि उपचार लगेच सुरू होतात, त्यासाठी १८ महिने थांबत नाहीत. असा रिपोर्ट हाती आला तर दूध किंवा गोळ्या बंद न करता आधी आयसीटीसीत (एचआयव्ही समुपदेशन आणि तपासणी केंद्रात) या. तपासणी मोफत आहे. येताना बाळाचं कार्ड आणि जुने सगळे कागद आणा.