नगर रोड, २२२ का ६१?

प्रश्न : आमचं गाव पाथरी तालुक्यात, मेन रोडपासून थोडं आत. ह्या रोडला आजोबा नगर रोड म्हणायचे, वडील २२२ म्हणतात आणि आता दगडावर ६१ लिहिलंय. खरं कोणतं? बाहत्तरच्या दुष्काळात आम्ही रोडची खडी फोडली असं आजोबा सांगायचे, ते हाच रोड का? आणि फाट्यापासून गावापर्यंतचे खड्डे कुणी बुजवायचे?
– एक वाचक, जि. परभणी

उत्तर : अहो, तिघांचंही बरोबर आहे. कल्याणहून माळशेज घाट चढून आळेफाटा, नगर, पाथर्डी, मग गेवराई तालुक्यातून माजलगाव, ढालेगावला गोदावरी ओलांडली की पाथरी, मानवत, परभणी, वसमत, नांदेड, भोकर करत तेलंगणात निर्मलला जातो तोच हा. २०१० ला देशभरातल्या राष्ट्रीय महामार्गांचे नंबर बदलले, पूर्व-पश्चिम रस्त्यांना विषम आणि दक्षिणोत्तर रस्त्यांना सम, त्यात २२२ चा ६१ झाला आन् आपला धुळे-सोलापूर २११ चा ५२. पेपरवाले अजून कल्याण-विशाखापट्टणम लिहितात, ६१ तिकडं जातच नाही ती गोष्ट वेगळी.

१९४८ पर्यंत आपण निजामाकडं, त्यामुळं मोठं काम निघालं की हैदराबाद, आणि त्याला मनमाड-हैदराबाद रेल्वे होतीच परभणीवरून. १९५६ ला मुंबई राज्यात गेलो तसं सगळं मुंबईकडं वळलं, आणि माझ्या मते नगरकडच्या ह्या रोडचा भाव तेव्हाच वाढला.

दुष्काळाचं म्हणाल तर मराठवाड्यात तेव्हा पाझर तलाव आणि रस्ते हीच मोठी कामं, बायामाणसं उन्हात बसून हातोडीनं खडी फोडायची आणि सुकडी खाऊन दिवस काढायची. पण ती खडी मेन रोडलाच पडली असं नाही, गावोगावचे कितीतरी जोडरस्ते त्यातूनच निघाले, तुमचा फाट्याचा रस्ताही त्यातला असू शकतो.

आता खड्डे. पिवळ्या डोक्याचा दगड राष्ट्रीय महामार्गाचा, हिरवा राज्य महामार्गाचा. राज्य महामार्ग आणि प्रमुख जिल्हा मार्ग बांधकाम खात्याकडं, इतर जिल्हा मार्ग आणि ग्रामीण मार्ग जिल्हा परिषदेकडं. म्हणजे तुमचा अर्ज बहुतेक झेडपीच्या बांधकाम विभागात जाईल, महामार्गवाले हात वर करणार. काळ्या रानातला रस्ता पावसाळ्यात फुगतो, उन्हाळ्यात भेगाळतो, वरवर डांबर टाकून भागत नाही, तेव्हा अर्जात खाली मुरूम भरून मग डांबर असं स्पष्ट लिहा. आणि आधी फाट्यावरचा बोर्ड बघा, प्रधानमंत्री ग्रामसडक योजनेतला रस्ता असेल तर काम झाल्यापासून ५ वर्षं दुरुस्ती ठेकेदाराच्याच गळ्यात असते आणि त्याचं नाव, तारखा बोर्डावरच असतात, मोबाईलवर फोटो काढून अर्जाला जोडा.