ठाण्यात गाडीच्या ‘०००१’ नंबरसाठी लोक लाखो रुपये का मोजतात?

कारण तो नंबर लोकांना दिसतो, आणि त्याचा दुसरा काहीच उपयोग नसतो. मोठ्या गाडीत निदान जागा जास्त मिळते. ‘०००१’ ने मायलेज वाढत नाही. म्हणून ही निव्वळ प्रतिष्ठेची खरेदी. अमेरिकन अर्थतज्ज्ञ थॉर्स्टाइन व्हेब्लेन यांनी १८९९ मध्ये तिला ‘दिखाऊ उपभोग’ म्हटलं होतं: पैसा नुसता असून भागत नाही, तो खर्च होताना दिसावा लागतो. चारचाकीच्या ०००१ चं शुल्क २०२४ पासून मुंबई-ठाण्याकडे ६ लाख आहे. एकाच नंबरला दोन अर्ज आले, तर शुल्काच्या वरची रक्कम बंद पाकिटात द्यायची. जास्त देईल त्याचा नंबर. शुल्क वाढल्याने हौस मरत नाही, उलट मिळवणाऱ्याचा रुबाब वाढतो.

गंमत ४१४१ ची. इंग्रजी अंक वळवून त्याचा ‘दादा’ करायचे, २१४ चा ‘राम’. पण तशी पाटी बेकायदा आहे, आणि एप्रिल २०१९ पासूनच्या नव्या गाड्यांना उच्च सुरक्षा पाटीच (एचएसआरपी) लागते. तिच्यावर अक्षर वळवता येत नाही. म्हणजे पैसे भरूनही पाटीवर दिसतं ते साधं ४१४१.

अर्थात सगळेच मिरवायला घेत नाहीत. जन्मतारीख किंवा अंकांची बेरीज ९ साधणारेही बरेच असतात, आणि त्यांचे नंबर बहुधा स्वस्तात मिळतात.