ड्रोन आधी की उंचीचं गणित आधी?

प्रश्न : माझा मुलगा भूगोल घेऊन बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला आहे. ड्रोनने जमिनीचे चढउतार मोजून नकाशे करायचे, यातच करिअर करणार म्हणतो. त्यासाठी कर्ज काढून आरटीके ड्रोन (स्वतःची जागा सेंटिमीटरपर्यंत नेमकी कळणारा) घ्या, असा त्याचा हट्ट आहे. त्याचे बाबा म्हणतात, ड्रोन उडवणं हे काही शिक्षण नव्हे. शिवाय नकाशा सॉफ्टवेअरच आपोआप करतं, मग याला कोण कामावर ठेवणार? आम्ही काय करावं?

उत्तर : नमस्कार ताई. क्षेत्र त्याने चांगलं निवडलंय, पण कर्ज आत्ता काढू नका. या कामात पैसे मिळतात ते एका गोष्टीचे : नकाशावरची उंची कितीने चुकलेली असू शकते, हे मोजून आणि जबाबदारी घेऊन सांगता येणं. ते शिकायला पहिले काही महिने ड्रोन लागत नाही.

बाबांच्या शंकेतला सॉफ्टवेअरचा मुद्दा आधी घेते, कारण सगळं तिथेच अडतं. सॉफ्टवेअर नकाशा आपोआप करतं हे खरंच आहे. पण चुकीचा नकाशाही ते तितक्याच देखण्या रंगांत काढून देतं. सगळे फोटो सरळ खाली बघून, समांतर रांगांत काढलेले असले, तर लेन्समुळे फोटोत येणाऱ्या वाकाचा अंदाज सॉफ्टवेअरकडून किंचित चुकतो आणि सपाट मैदान मधोमध फुगलेलं किंवा बशीसारखं खोलगट होऊन बाहेर येतं. स्क्रीनवर हे डोळ्यांना दिसत नाही. एक हेक्टरच्या ढिगाऱ्याचं आकारमान काढताना सगळीकडे फक्त १० सेंटिमीटरची चूक राहिली, तरी हिशोबात १,००० घनमीटरचा फरक पडतो. दहा घनमीटरच्या डंपरच्या शंभर खेपा! हा फरक पकडणारा माणूस सगळ्यांनाच हवा असतो.

आता अभ्यासाचा क्रम. सुरुवात फुकट मिळणाऱ्या उंचीच्या माहितीपासून, म्हणजे डीईएमपासून करू द्या. फेब्रुवारी २००० मध्ये एन्डेव्हर या अंतराळयानाने अकरा दिवसांत ६० अंश उत्तर ते ५६ अंश दक्षिण या पट्ट्यातली जमीन रडारने मोजली. तो एसआरटीएम डेटा आता साधारण ३० मीटरच्या चौकटींत मोफत आहे. टॅनडेम-एक्स या रडार उपग्रहांच्या मोहिमेच्या २०११ ते २०१५ मधल्या मोजणीवर आधारलेला कोपर्निकस डीईएमही ३० मीटरचा आणि मोफत, शिवाय बहुतेक भूभागात जास्त नेमका आहे. ही माहिती हाताळणाऱ्या क्यूजीआयएस या नकाशांच्या सॉफ्टवेअरलाही पैसे पडत नाहीत. एखाद्या लहान ओढ्याचं पाणलोट क्षेत्र निवडून त्याचा उतार, कंटूर (समान उंचीच्या रेषा) आणि पाण्याच्या वाटा काढायच्या.

यात तो तीन ठिकाणी हमखास अडखळेल, आणि अडखळावंच. पहिलं, फाइल अक्षांश-रेखांशात असते आणि उंची मीटरमध्ये. तशीच उतार काढायला दिली, की सगळी जमीन उभ्या कड्यासारखी येते. आधी यूटीएममध्ये, म्हणजे जागा मीटरमध्ये सांगणाऱ्या पद्धतीत, बदलून घ्यायची. दुसरं, तो बदल करताना नव्या चौकटींत उंची भरायचा पर्याय ‘निअरेस्ट नेबर’ (जवळच्या चौकटीची उंची तशीच उचलणारा) राहिला, तर हिलशेडमध्ये, म्हणजे उन्हा-सावलीने चढउतार दाखवणाऱ्या चित्रात, कापडाच्या विणीसारखे आडवे-उभे पट्टे दिसतात. उंचीसाठी ‘बायलिनियर’ किंवा ‘क्युबिक’ निवडायचं. तिसरं, उंची कशापासून मोजली आहे ते. एसआरटीएमची उंची ईजीएम९६ या समुद्रपातळीच्या मॉडेलवर आहे, कोपर्निकसची ईजीएम२००८ वर, तर जीपीएस मूळ जी उंची मोजतं ती लंबगोलापासूनची, म्हणजे पृथ्वीच्या गणितात धरलेल्या गुळगुळीत आकारापासूनची. लंबगोल आणि समुद्रपातळीचं मॉडेल यांत जगात काही ठिकाणी १०० मीटरपर्यंत अंतर पडतं. ड्रोनचा नकाशा डीईएमपेक्षा साठ-सत्तर मीटर वर किंवा खाली तरंगताना दिसला, की बहुतेक वेळा कारण हेच.

हे जमलं, की एक छान प्रयोग आहे. दोन्ही डीईएम एकाच उंचीच्या संदर्भावर आणून, चौकटी नीट जुळवून कोपर्निकसमधून एसआरटीएम वजा करायचं. मधल्या काळात जिथे खाण खणली गेली तिथे खड्डा उमटतो, भराव टाकला तिथे उंचवटा. जंगल तुटलं तिथेही जमीन ‘खचलेली’ दिसेल, कारण दोन्ही रडारना दाट झाडीत तळाची जमीन पुरती दिसत नाही. यातलं काय खरं आणि काय झाडांमुळे, हे उपग्रहचित्राशी ताडून दोन पानांत लिहिता आलं, तर मुलाखतीत दाखवायला त्याच्याकडे पहिली वस्तू झाली.

एक मोह मात्र टाळायला सांगा. ३० मीटरच्या डीईएमवरून सॉफ्टवेअर एक मीटरच्या अंतराने कंटूर काढून देतं. त्यांना अर्थ नसतो. उंचीतल्या सरासरी चुकीच्या, म्हणजे आरएमएसईच्या, साधारण तिप्पट अंतराने कंटूर काढावेत हा जुना, भरवशाचा नियम. चूक तीन मीटरची असेल, तर दहा मीटरचे कंटूर.

दुसरा टप्पा ड्रोनच्या फोटोंचा, तोही ड्रोन न घेता. ओपनड्रोनमॅप या, फोटोंपासून नकाशा करणाऱ्या सॉफ्टवेअरसाठी सरावाचे फोटोसंच मोफत मिळतात. १६ जीबी रॅमच्या संगणकावर दोनशेच्या आसपास फोटो निभतात. त्याहून जास्त दिले, की मध्येच मेमरी संपून काम बंद पडतं. फोटो घटवायचे, नाहीतर भाग पाडून करायचं.

उड्डाणाचं नियोजन मात्र त्याने अ‍ॅपवर न सोडता एकदा कागदावर करावं. समजा, कॅमेऱ्याचा सेन्सर १३.२ बाय ८.८ मिलिमीटर, लेन्स ८.८ मिलिमीटरची आणि फोटोची रुंदी ५,४७२ पिक्सेल. शंभर मीटर उंचीवरून एका फोटोत १५० बाय १०० मीटर जमीन येते आणि एक पिक्सेल साधारण २.७ सेंटिमीटरचा पडतो. पुढेमागे ८० टक्के ओव्हरलॅप, म्हणजे लागोपाठच्या फोटोंत तेवढी जमीन सामाईक, हवा, तर दर २० मीटरला फोटो; बाजूला ७० टक्के हवा, तर रांगांमध्ये ४५ मीटर अंतर.

आता हेच डोंगराळ जागी नेऊ. उड्डाण दरीतून घेतलं आणि समोरचा उंचवटा ६० मीटरचा आहे. ड्रोनची १०० मीटर उंची निघालेल्या जागेपासून धरलेली, म्हणजे उंचवट्यावर तो जमिनीपासून फक्त ४० मीटरवर. तिथे फोटोत ६० बाय ४० मीटरच जमीन मावते. फोटो २० मीटरवरच निघतायत, म्हणजे पुढचा ओव्हरलॅप ५० टक्क्यांवर आला. रांगा ४५ मीटरवरच आहेत, म्हणजे बाजूचा २५ टक्क्यांवर. नकाशात नेमकं त्या उंचवट्यावर भोक पडतं, आणि झाडं किंवा तारा असतील तर धडकायची भीती वेगळीच. यावर उपाय तोच फुकटचा डीईएम : तो अ‍ॅपमध्ये घालून ड्रोनला जमिनीच्या चढउताराप्रमाणे वरखाली उडवायचं. डीईएममध्ये काही मीटरची चूक असतेच, म्हणून उंची फार कमी ठेवायची नाही. स्वस्त डीईएम आणि ड्रोन ही जोडी अशी एकमेकांच्या कामी येते. ज्याला हे आकडे मांडता येतात, तो मैदानावर परत जाऊन दुसऱ्यांदा उडवत बसत नाही.

आरटीके ड्रोनबद्दल थोडं सविस्तर सांगते, कारण त्याचा हट्ट तिथे आहे. आरटीकेमुळे प्रत्येक फोटोची जागा काही सेंटिमीटरपर्यंत कळते आणि जमिनीवर फोटोत दिसतील अशा, नेमकी जागा मोजलेल्या खुणा ठेवायचं काम पुष्कळ वाचतं. पण बेस स्टेशनच्या, म्हणजे ड्रोनला दुरुस्ती पुरवणाऱ्या जमिनीवरच्या स्थिर रिसीव्हरच्या, जागेचा आकडा चुकीचा भरला, तर अख्खा नकाशा तितकाच सरकतो आणि आतून सगळं सुसंगतच दिसतं. लेन्सच्या केंद्रांतराचा अंदाज किंचित चुकला, तरी सगळी जमीन थोडी वर किंवा खाली जाते. म्हणून आरटीके असूनही जमिनीवर मोजलेल्या खुणा लागतातच.

साध्या ड्रोनला कमीत कमी पाच खुणा : चार कोपऱ्यांत आणि एक मध्ये. उंचसखल जागी आठ-दहा, त्यातही सर्वांत उंच आणि सर्वांत खोल ठिकाणी एकेक. त्या मोजायला सेंटिमीटर अचूकतेचा जीएनएसएस (उपग्रहांवरून जागा मोजणारा) रिसीव्हर हवा; फोनमधल्या जीपीएसची चूक मीटरांत असते, त्याने मोजलेली खूण नकाशा सुधारण्याऐवजी बिघडवते. याशिवाय काही खुणा प्रोसेसिंगपासून पूर्ण लपवून ठेवायच्या आणि शेवटी नकाशावरची उंची त्यांच्याशी ताडून पाहायची. ज्या खुणा वापरून नकाशा बसवला, त्यांच्यावरच अचूकता दाखवणारे अहवाल सर्रास सापडतात, आणि ते निरुपयोगी असतात. मघाशी सांगितलेला फुगवटाही या लपवलेल्या खुणांवरच पकडला जातो. तो टाळायला कॅमेरा थोडा तिरका करून आडव्या दिशेने एक जादा फेरी घ्यावी.

फोटोंना झाडाखालची जमीन दिसत नाही, हे त्याने पहिल्या दिवसापासून लक्षात ठेवावं. मिळतो तो वरचा पृष्ठभाग. फिल्टर लावून झाडं-घरं काढता येतात, पण दाट गवत बहुधा जमिनीतच धरलं जातं. पुलाचंही तसंच : तो काढला नाही, तर पाण्याची वाट काढताना पूल धरणासारखा आडवा येतो आणि वर खोटं तळं तयार होतं.

नोकरीचं म्हणाल, तर खाणींची आकारमान मोजणी, रस्ते-कालव्यांची आखणी, पाणलोट आणि पुराचा अभ्यास, दरडींवर नजर ठेवणं ही या कामाची मोठी गिऱ्हाइकं. निव्वळ पायलटचं काम त्यात काही तासांचं. प्रोसेसिंग, तपासणी आणि अहवाल यात दिवस जातात. उड्डाणाचा परवाना जिथे लागतो तिथे तो घ्यावाच, पण त्याबरोबर सर्वेक्षणाची मूलतत्त्वं, लघुतम वर्ग पद्धतीपुरतं (मोजमापांतल्या चुका कमीत कमी ठेवून उत्तर काढण्यापुरतं) संख्याशास्त्र आणि पायथॉन ही संगणकाची भाषा शिकावी. पदव्युत्तर अभ्यासक्रम निवडताना तिथे एवढंच विचारा : विद्यार्थ्यांना रिसीव्हर घेऊन स्वतः खुणा मोजायला मिळतात का, आणि प्रकल्पाच्या अहवालात वेगळ्या तपासणी खुणांवरची चूक लिहावी लागते का? दोन्हीला ‘हो’ असेल, तर शुल्क तिथे भरा.

ड्रोनसाठी त्याला एक अट घाला. दहा हेक्टरचा तुकडा भाड्याच्या किंवा कॉलेजच्या ड्रोनने उडवून, निदान पाच लपवलेल्या खुणांवर उंचीची चूक काढून दाखव. चूक पिक्सेलच्या तिपटीच्या आत, म्हणजे वरच्या कॅमेऱ्याने आठ सेंटिमीटरच्या आत आली, किंवा आली नसेल तर का नाही आली हे त्याला सांगता आलं, की मग कोणता ड्रोन घ्यायचा ते तोच तुम्हाला पटवून देईल. त्या वेळी बाबांनाही समोर बसवा.