गल्ल्यावर कोण बसणार?

प्रश्न : ताई, नमस्कार.

माझे वडील कर्नाटकच्या किनारपट्टीवरल्या कुंदापूरजवळच्या एका खेड्यातून सोलापुरात आले. वय तेरा. ओळखीच्या एकाच्या हॉटेलात कपबश्या विसळायचे आणि रात्री तिथल्याच बाकड्यावर झोपायचे. १९७६ ला मिलच्या गेटासमोर भाड्याने गाळा घेऊन त्यांनी स्वतःचं हॉटेल टाकलं. भोंगा झाला, पाळी सुटली की दहा मिनिटांत चाळीस कप चहा जायचा. पुढे मिल बंद पडली, आम्ही टिकलो. आता माझं वय ५८. गेली चौतीस वर्षं पहाटे साडेचारला भट्टी मीच पेटवतो.

मुलगा एकुलता एक, वय २६. त्याला आम्ही मुद्दाम हॉटेलपासून लांब ठेवलं. "शीक, नाहीतर फडकं हातात येईल," हे त्याने माझ्या तोंडून हजारदा ऐकलं असेल. शिकला. एम.एस्सी. झाला. आणि आता नान्नजच्या माळावर पक्षी आणि लांडगे मोजतो! कुठल्याशा प्रकल्पातून मानधन मिळतं, ते आमच्या डोसा मास्टरच्या पगाराहून कमी. माळढोक म्हणे. तो तर आता दिसतसुद्धा नाही. हाही पहाटे साडेचारलाच निघतो. मी मुकाट्याने कॉफीचा थर्मास भरून देतो, तो मुकाट्याने घेतो आणि गाडीला किक मारतो.

गाळ्याचा मालक विचारतोय, "तुमच्यानंतर कोण?" मेव्हणे म्हणतात, आपल्याकडची मुलगी बघा, लग्न लावून द्या, आपोआप गल्ल्यावर बसेल. मुलगा म्हणतो, "अप्पा, विकून टाका." विकायला आहे काय ओ ताई, गाळा भाड्याचा! अकरा माणसं कामाला आहेत. मास्टर तर चोवीस वर्षांपासून आहे. मुलाला कसं समजवावं?

– एक हॉटेलवाला, सोलापूर

उत्तर : भाऊ, मेव्हण्यांचं आधी उरकते. गल्ल्यावर माणूस हवा म्हणून लग्न लावायचं, म्हणजे परक्या घरची मुलगी आणून तिच्या गळ्यात तुमचा गाळा बांधायचा. तिने तुमचं काय घोडं मारलंय? हा विषय संपला.

आता समजावण्याचं. फडकं त्याला तुम्ही लहानपणापासून धाक म्हणून दाखवलंत. अभ्यास केला नाहीस तर हे, मार्क कमी पडले तर हे. आज तेच फडकं घडी घालून वारसा म्हणून पुढे केलंत तर पोरगं कसं घेईल? तुमची तक्रार मी दोनदा वाचली. मुलाने तुमचं ऐकलं, एवढीच ती आहे.

अशा पत्राला एक ठरलेलं उत्तर असतं : तुमच्या वडिलांनी नव्हतं का घर सोडलं, मग मुलाने वेगळी वाट धरली तर बिघडलं कुठे? ते उत्तर मला पटत नाही. तेरा वर्षांचं पोर हौसेने बाकड्यावर झोपत नाही. तुमच्या त्या किनारपट्टीवरून माणसं आधीपासूनच बाहेर पडत होती. मुंबईत माटुंग्याला उडुपी खानावळी १९४० च्या आसपासच नावारूपाला आल्या होत्या. दिवसभर कपबश्या विसळायच्या आणि रात्री कन्नड रात्रशाळेत जायचं, असं त्या पोरांचं आयुष्य. १९७४ ला कर्नाटकात कुळकायदा कडक झाला, कसणाऱ्यांना जमिनी मिळाल्या, आणि ज्यांच्या हातून त्या गेल्या अशा घरांतलीही कितीतरी मुलं हॉटेलधंद्यात आली. चांगला सांबार करता येतो म्हणून कुणी आलं नव्हतं. सांबार नंतर शिकले.

माझा भाचा अमेरिकेत आहे. तिथल्या चिनी हॉटेलांचं त्याने सांगितलं तेव्हा मला तुमच्यासारखीच माणसं आठवली. १८८२ ला तिकडे कायदा झाला आणि चिनी मजुरांना देशाचं दार बंद झालं. व्यापाऱ्यांना मात्र मुभा होती. १९१५ ला एका कोर्टाने हॉटेलमालकही व्यापारीच असं मानलं आणि चिनी हॉटेलं भराभर वाढली, कारण गावाकडून माणूस आणायचा तर तेवढीच फट उरली होती. कायदा १९४३ ला गेला, हॉटेलं राहिली. आता तिथले म्हातारे मालक गुडघे धरून शटर ओढतायत आणि पोरं दवाखान्यांत, ऑफिसांत आहेत. भाचा म्हणतो, पुष्कळ मालकांना त्याचं वाईट वाटत नाही. ज्यासाठी कढईपुढे उभे राहिलो ते झालं, असं म्हणतात.

तुम्हाला वाईट वाटतंय. वाटणारच. मी नावं ठेवत नाही, कारण मी स्वतः शटर ओढणाऱ्या घरातली आहे. फक्त मी तुमच्या मुलाच्या बाजूची.

आम्ही पद्मशाली. आजोबा करीमनगरकडून मागावर काम करायला सोलापुरात आले. वडिलांच्या मजुरीत भागेना, तेव्हा अम्माने साखर पेठेत घरातच खानावळ काढली. बावीस मेंबर, सगळे कारखान्यांतले कामगार, बरेचसे आमच्यासारखेच तेलंगणातून एकटे आलेले. ज्वारीची भाकरी, आमटी, आठवड्यातून दोनदा पच्चीपुलुसू, म्हणजे चिंचेचं कच्चं सार. खाड्यांचा हिशेब चुलीमागच्या भिंतीवर, कोळशाने. प्रत्येक मेंबरची एक खूण : कुणाचा मासा, कुणाची टोपी, एकाच्या नावाला नुसती मिशी, कारण अम्माला अक्षरं येत नव्हती. महिनाअखेरीला मी मासा आणि मिशीपुढच्या रेघा मोजून पैसे वजा करायचे. बँकेच्या परीक्षेत माझी आकडेमोड कधी चुकली नाही ती त्या भिंतीमुळे. कॉलेजात मात्र केसांना फोडणीचा वास यायचा म्हणून मी मागच्या बाकावर बसायचे, आणि मैत्रिणींनी विचारलं तर "आई घरीच असते" असं सांगायचे. खोटं नव्हतं. खानावळ घरातच होती.

१९८१ ला मी बँकेत लागले. अम्माने मला खानावळीत थांब असं एकदाही म्हटलं नाही. १९९३ ला तिचे गुडघे गेले आणि तिने चूल विझवली. यात मला आजही काही चुकलेलं वाटत नाही.

चुकलं ते दुसरं. अम्माकडे सोळा वर्षं एक बाई भाकऱ्या थापायच्या. दिवसाला सव्वाशेच्या आसपास. खानावळ बंद झाली त्या दिवशी त्यांना एक लुगडं आणि पाचशे रुपये दिले, आणि आम्ही सगळे हळहळलो. तेव्हा मी बँकेत लोकांच्या ग्रॅच्युइटीचे चेक वटवत होते. आमच्याकडे दहा माणसं नव्हती, त्यामुळे कायद्याने त्यांचं काही देणं लागत नव्हतं, हे मला चांगलं माहीत होतं. मी त्या माहितीचा आडोसा घेतला. दोनेक वर्षांनी त्या मंगळवार बाजारात पालेभाजी घेऊन बसलेल्या दिसल्या. मी गल्ली बदलली.

म्हणून तुमच्या पत्रात मी मास्टरला शोधलं. तो दोन ठिकाणी आहे. एकदा मुलाचं मानधन किती कमी ते सांगायला, आणि एकदा वर्षं मोजायला. मुलाचं उत्तर तुम्हाला केव्हाच मिळालंय, "विकून टाका." चोवीस वर्षं तुमच्या तव्यापुढे उभ्या असलेल्या माणसाला मात्र अजून कुणी काही विचारलेलं दिसत नाही.

आधी त्याचा हिशेब बघा. दहा किंवा जास्त माणसं कामाला असतील तर पाच वर्षं सलग काम केलेल्याला ग्रॅच्युइटी मिळते. १९७२ च्या कायद्यापासून हा हक्क आहे. तुमच्याकडे अकरा आहेत. समजा मास्टरचा मूळ पगार आणि महागाई भत्ता मिळून १८,००० रुपये होतो. त्याला २६ ने भागायचं, १५ ने गुणायचं आणि मग २४ वर्षांनी. सुमारे २ लाख ४९ हजार होतात. हॉटेल कुणी घेवो, बंद होवो, हे पैसे त्याचे आहेत. बाकीच्यांचाही असाच हिशेब मांडा. पोटात गोळा येईल, पण आत्ताच येऊ दे.

आता गाळा. "विकायला आहे काय" म्हणता, ते तितकंसं खरं नाही. महाराष्ट्रात ३१ मार्च २००० पासून जो भाडे नियंत्रण कायदा लागू आहे, त्यात भाडेकरूने आपला हक्क सोडताना किंवा दुसऱ्याच्या नावावर करताना पैसे घेणं मान्य केलंय. मात्र मालकाच्या संमतीशिवाय गाळा दुसऱ्याला दिला, अगदी मास्टरला जरी तोंडी "चालव रे आता" म्हणून दिला, तरी तो पोटभाडेकरू ठरू शकतो आणि तेवढ्यावर मालक गाळा खाली करून मागू शकतो. मालक "तुमच्यानंतर कोण" विचारतोय तेही उगाच नाही. धंद्याच्या जागेत भाडेकरूच्या मागे त्याच्याबरोबर तिथे धंदा करणाऱ्या घरच्या माणसाचा हक्क आधी धरतात, तसं कुणी नसेल तर इतर वारसांचा प्रश्न येतो. तुमच्याबरोबर घरचं कुणी उभं नाही, हे त्याने हेरलंय. तेव्हा मास्टरला कंडक्टिंगवर, म्हणजे ठरलेली रक्कम घेऊन चालवायला द्यायचं असो, भागीदार करायचं असो, की हक्क सोडून पैसे घ्यायचे असोत, आधी भाडेपावत्या घेऊन वकिलाकडे जा, आणि मालकाची संमती लेखी घ्या.

वकिलाकडे जाताना मुलाला बरोबर न्या. गल्ल्यावर नको, तिथे. "विकून टाका" म्हणणं सोपं असतं. काय विकायचं, कुणाचं किती देणं आहे, हे त्यालाही कळू दे. सव्वीस वर्षं जेवला आहे त्या हॉटेलावर.

लांडगे मोजणं म्हणजे काय काम, असा तुमचा सूर आहे. नान्नजला १९७९ पासून माळढोक अभयारण्य आहे. माळ उरलाय किती, काळवीट कुठे सरकली, हे कुणीतरी पहाटे जाऊन बघितल्याशिवाय कळत नाही. रात्री किती इडल्या उरल्या हे तुम्ही चौतीस वर्षं मोजताच आहात की ओ.

आणि मास्टरला धंदा झेपेल का, हे घरी बसून कळायचं नाही. गड्ड्याच्या यात्रेत नको, तेव्हा बाहेरगावची गर्दी असते. आषाढात हात जरा मोकळा असतो, तेव्हा आठ दिवस किल्ली, गल्ला आणि सामानाची यादी त्याच्या हातात द्या आणि तिकडे फिरकू नका. त्या आठ दिवसांत साडेचारला जाग येईलच. नान्नज वीसेक किलोमीटरवर आहे, गाडीवर मागे बसा. भट्टी मास्टर पेटवेल.

प्रश्न : माझी आई पूर्व भागात विड्या वळते आणि सकाळी दारात इडली-उप्पिटाचा गाडा लावते. मला पुण्यात नोकरी लागली आहे, पुढच्या महिन्यात निघेन. तिची शेंगाचटणी लिहून घ्यायची आहे, पण काहीही विचारलं की "अंदाजाने" म्हणते. काय करू?

– क., सोलापूर

उत्तर : तिला विचारू नकोस, तराजू घेऊन शेजारी बस. दाण्यांचा, लसणाचा, तिखटाचा डबा तिच्या हाती द्यायच्या आधी वजन कर, आणि तिने घेतल्यावर परत कर. फरक लिहून ठेव. दाणे किती वेळ भाजले ते घड्याळ लावून बघ, आच मंदच असेल. कुटताना मिक्सर सुचवू नकोस, तेल सुटेपर्यंत उखळातच होऊ दे. मीठ सगळ्यात शेवटी मोज. कारण चाखून झाल्यावर ती आणखी एक चिमूट घालते आणि ती घातल्याचं तिलाही आठवत नाही. माझ्या अम्माची चटणी मला अजून जमत नाही, ती त्या चिमटीपायीच.